बादल बसतो तेव्हा

गास, २० जानेवारी २००२

हवालदार श्री. सुधाकर यांस,
गासहून अँजेलिनाचा नमस्कार.

बादल आमच्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. नाशिकला तुम्ही त्याची दोरी माझ्या हातात दिलीत आणि मागे न बघता पोलीस श्वानपथकाच्या फाटकातून आत निघून गेलात. त्यामुळे विचारायचं ते राहून गेलं. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. खोडकर मूल कसं वळवायचं ते मला कळतं. पण हा खोडीच करत नाही, त्याचं काय करायचं?

ताटलीत भात-मासळी घातली की समोर बसून राहतो. लाळ गळते, पण तोंड लावत नाही. मी आत गेले की मग थोडं खातो. सकाळी नऊ वाजता फाटकापाशी जाऊन उभा राहतो, तो अकरापर्यंत. जीपचा आवाज आला की शेपटी ताठ होते, जीप निघून गेली की खाली येते. पाववाल्याची पिशवी, पोस्टमनची पिशवी, एवढंच काय, घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरांची बॅगसुद्धा त्याने हुंगून पाहिली. फादर हसले, पण मला ओशाळल्यासारखं झालं.

घरात आम्ही चौघं, बादलसाठी केलेल्या अर्जात लिहिल्याप्रमाणे. भाऊ सेबॅस्टियन, भावजय बेला, भाची जेनिफर (वय नऊ) आणि मी. तेव्हा माणसांची उणीव नाही. तरी तो असा परक्यासारखा का राहतो, हे कळवावं.

आपली,
अँजेलिना


नाशिक, २७ जानेवारी २००२

आदरणीय बाईंना,
सुधाकरचा नमस्कार.

अक्षर खराब आहे, माफी असावी. हातात पेनापेक्षा दोरीच जास्त राहिली.

बादल तुमच्या हुकमाची वाट बघतोय. आमच्याकडं कुत्र्याला शिकवतात की परक्याच्या हातचं खायचं नाही. ताटली ठेवली की त्याच्या डोळ्यात बघून 'घे' म्हणा. एकदाच म्हणा, पण ठाम. नऊला आमची जीप निघायची, म्हणून तो फाटकावर जातो. सात वर्षांची सवय आहे.

त्याच्या सामानात दोन पट्टे दिलेत. कापडी पट्टा घरचा. कातडी पट्टा म्हणजे ड्यूटी. रोज सकाळी कातडी पट्टा घाला आणि अर्धा तास काम द्या. दिवाळीतली फुलबाजी उरली असेल तर तिचा बोटभर तुकडा डबीत घालून कुठंतरी लपवा आणि 'शोध' म्हणा. सापडलं की तो भुंकणार नाही, उकरणार नाही. समोर गप बसेल. मग शाब्बास म्हणून चेंडू द्यायचा. चेंडू मिळेपर्यंत त्याच्या लेखी काम संपलेलं नसतं.

लोक म्हणतात, म्हातारा झाला, आता आराम करू दे. बाई, याला आराम कळत नाही. बिनकामाचा कुत्रा घर खातो, आणि शहाणा असला तर स्वतःलाच खातो. लाड करा, पण आधी काम.

वय झालं म्हणून त्याला काढला, एवढंच. नाक अजून पहिल्यासारखं आहे. सात वर्षांत एकदाही खोटा बसला नाही. मीच ठेवला असता, पण क्वार्टरमध्ये दोन खोल्या, जागा नाही. तुमच्याकडं वाडी आहे, लहान मूल आहे, भरलं घर आहे, म्हणून मला समाधान आहे. सगळ्यांना नमस्कार, जेनिफरला आशीर्वाद.

सुधाकर


गास, ३ मार्च २००२

श्री. सुधाकरराव यांस,

'घे' म्हटलं आणि त्याने ताटली चाटून पुसून ठेवली. इतकी वर्षं मुलांना मी दहा-दहा वेळा सांगत आले, एका शब्दात काम होतं हे आता कळतंय.

रोज सकाळी आमची शाळा भरते. डबी कधी विहिरीच्या कठड्यामागे, कधी केळीच्या बुंध्याशी, एकदा तर माझ्या जुन्या शिवणयंत्राच्या खणात. तो शोधतो, बसतो आणि माझ्याकडे असा बघतो की मला उगाच पदर सारखा करावासा वाटतो. मग दिवसभर माझ्या पायाशी पडून असतो. मी वाचते, तो घोरतो. बरं वाटतं.

जेनिफर संध्याकाळी दोरीवरच्या उड्या मारते. परवा शंभर झाल्या. आता तिला दोन वेण्या घालतात, त्या उडीबरोबर वर जातात. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, मटण बंद, त्यामुळे बेला मासळीवरच भागवते. तिच्या बोंबलाच्या कालवणाचा वास वाडीभर पसरतो. सेबॅस्टियनने शेतीचं आटोपतं घेतलंय. चांदीपच्या बाजूला एका खडीच्या खाणीचं काम घेतलंय, त्याची ये-जा तिकडेच असते.

एक विचारायचं होतं. चार दिवस झाले, बादल वाडीतल्या पत्र्याच्या शेडपुढे जाऊन बसतो. कातडी पट्टा नसला तरी जातो. हाक मारली तर वळून बघतो, पण उठत नाही. जेवायलासुद्धा मीच ओढून आणते. तिथे मी डबी लपवलेली नाही, म्हणून चेंडू दिला नाही. शेडमध्ये मांजरीने पिल्लं घातलीत, शिवाय तिथे सावलीही छान असते. मला वाटतं, त्यालाही माझ्यापेक्षा तिथली वर्दळ आवडत असेल. त्याची ही सवय मोडायची कशी?

अँजेलिना


नाशिक, ८ मार्च २००२

आदरणीय बाईंना,

पत्र काल मिळालं. रात्री झोप लागली नाही, सकाळीच लिहायला बसलो.

सवय मोडू नका. तो मांजरीसाठी बसत नाही आणि सावलीसाठीही नाही. तुमचा भाऊ खाणीचं काम करतो असं तुम्ही लिहिलंय. खाणीत सुरुंग लावतात. त्याच्या नळकांड्या आणि पेटवायच्या टोप्या, यांच्यावरच बादल शिकला आहे. शेडमध्ये तसलं काही ठेवलं असणार. टोपी बोटाएवढी असते, पण पोराच्या हातात फुटली तर हात राहत नाही.

शेडमध्ये कोणी जायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. जेनिफरला तर मुळीच जाऊ देऊ नका. आज जेवायला बसाल तेव्हा भावाला नीट सांगा, रागावू नका, माल जिथून आणला तिथं परत द्यायला लावा. ऐकलं नाही तर खाली पथकाचा नंबर देतोय, तुमच्या घरून फोन करा, मी बोलतो त्यांच्याशी.

आणि बादलला चेंडू द्या. दहा दिवस बसलाय तो, त्याला वाटत असेल मी सांगतोय ते कोणी ऐकतच नाही.

सुधाकर


गास, १७ मार्च २००२

सुधाकरराव,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. 'जेवायला बसाल तेव्हा भावाला सांगा' असं तुम्ही लिहिलंत. नेमकं तेच मला शक्य नव्हतं.

अर्जातल्या 'घरातील माणसे' या रकान्यात मी चार लिहिलं. मी एकटी राहते. लग्न केलं नाही. आई गेल्यावर हे घर आणि अर्धी वाडी माझ्या वाट्याला आली, अर्धी सेबॅस्टियनच्या. सगळी वाडी बिल्डरला द्यायची असं त्याचं म्हणणं होतं. मी सही केली नाही. आईने पाणी घालून वाढवलेली झाडं होती, माझा हात उचलला गेला नाही. त्याने आपल्या अर्ध्या भागात बंगला बांधला, मध्ये तार ओढली, फोनही त्याच्याकडे गेला. माझ्या खिडकीपासून त्याचा ओटा पन्नास पावलांवर आहे. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. जेनिफरच्या उड्या मी खिडकीत बसून मोजल्या. कालवणाचा वास येतो तो वाऱ्याबरोबर. शेडही त्याचीच. बादल तारेखालून जातो.

एकट्या बाईला कुत्रा देत नाहीत, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून खोटं लिहिलं. मग तुमच्या पत्रात 'सगळ्यांना नमस्कार' आला, आणि खरं सांगायचं तर तो वाचायला मला आवडायला लागलं.

पत्र वाचल्याबरोबर मी तारेपर्यंत गेले. बेला ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मला पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली. मी परत आले. तुमची शाळामास्तरीण, धोका समोर दिसत असताना, तोंड उघडू शकली नाही. मग मी काय केलं ते सांगते, हसू नका. मी लाकडी खुर्ची उचलली, तार ओलांडली आणि शेडच्या पत्र्याला जिथे फट आहे तिथे बादलशेजारी जाऊन बसले. कारण त्या फटीतून जेनिफर पिल्लं बघायला आत जाते, हे मला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर ती आली. मला बघून थबकली.

"आत्या, तू इथे का बसलीस?"

तीन वर्षांनी तिने मला आत्या म्हटलं. मी म्हटलं, "बादलची ड्यूटी आहे. तो आहे तोवर आत जायचं नाही."

"आणि तुझी?"

"माझीपण."

तिने बादलच्या कानाला हात लावला. मग बेलाने हाक मारली आणि ती गेली. बुधवारी, गुरुवारी तेच. ऊन डोक्यावर येईपर्यंत आणि पुन्हा शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत मी तिथे बसून होते. बेला दारातून बघायची. तिला वाटलं असेल, म्हातारी हद्द बळकावायला आली.

शुक्रवारी सेबॅस्टियन स्वतः आला. मी सगळं सांगितलं, तुमचं पत्रही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खताच्या गोणी आहेत आत. आधी सही न करून माझी जमीन अडवलीस, आता कुत्रा घेऊन धंदा अडवायला आलीस का?" मी म्हटलं, "मग कुलूप काढ, दाखव." त्याने कुलूप काढलं नाही. मान खाली घालून उभा राहिला. लहानपणी खोटं बोलायचा तेव्हाही असाच उभा राहायचा. मग म्हणाला, "मे महिन्यापर्यंत नेतो सगळं." आणि गेला.

मे महिना फार लांब आहे. काल मी पाणी प्यायला घरात आले तेवढ्यात जेनिफर फटीतून अर्धी आत गेली होती. बादलने तिच्या फ्रॉकचं टोक दातात धरून ठेवलं होतं. त्याला हे तुम्ही शिकवलंय की नाही, मला माहीत नाही.

नालासोपाऱ्याला जाऊन तुमच्या नंबरवर फोन करायचं दोनदा ठरवलं. जमलं नाही. तोंडाने भावाचं नाव सांगणं मला जमणार नाही. लिहिता येतं, ते लिहिते आहे. तुम्ही पोलीस आहात. हे वाचल्यावर तुम्हाला काय करावं लागेल ते मला कळतं, आणि ते कळून मी हे पत्र पेटीत टाकते आहे.

अँजेलिना


नाशिक, २५ मार्च २००२

आदरणीय बाईंना,

शुक्रवारी आम्ही आलो तेव्हा तुम्ही पायरीवर उभ्या होतात. मी जीपमधून उतरलो नाही, त्याबद्दल माफी मागायला लिहितोय.

शेडमध्ये एकोणीस नळकांड्या आणि टोप्यांचं एक पाकीट निघालं. पाकीट फाटलं होतं. चार टोप्या जमिनीवर, मांजरीनं जिथं गोणपाटावर पिल्लं ठेवली होती तिथून हातभर. पिल्लं आमच्या माणसानं उचलून बाहेर ठेवली, तिन्ही धडधाकट आहेत.

तुम्ही खरं लिहिलंत, तेव्हा मलाही लिहायला हवं. बादलला वयामुळं काढला नाही. डिसेंबरच्या तपासणीत तो दोनदा रिकाम्या पेटीपुढं बसला. साहेबांनी शेरा मारला, 'भरवशाचा नाही'. मी तुम्हाला लिहिलं, एकदाही खोटा बसला नाही. माझ्या कुत्र्याबद्दल तो शेरा लिहायला हात धजला नाही. तुमचं पत्र घेऊन साहेबांकडं गेलो तर ते म्हणाले, "सुधाकर, त्याच्या बसण्यावर आपण लोकांच्या घरात शिरायचं?" मी म्हणालो, "खोटं निघालं तर मी माझा नोकरीचा पट्टा खाली ठेवतो." साहेबांनी तुमच्या भागातल्या पोलिसांना कळवलं आणि मला बरोबर पाठवलं. बाई, सबंध रस्ता माझ्या मनात धाकधूक होती. तुम्ही पाच दिवस उन्हात बसलात ते माझ्या एका थापेच्या भरवशावर.

क्वार्टरमध्ये जागा नाही, तेही अर्धंच खरं. बायको तयार होती. बादलच्या आधी माझ्याकडं राजा होता, तो माझ्या मांडीवर गेला. त्यानंतर महिनाभर मला घास गिळवत नव्हता. पुन्हा ते नको म्हणून याला दुसऱ्या घरी दिला.

शुक्रवारी त्यानं मला वासावरनं ओळखलं. तारेखालून आला, उडी मारून जीपमध्ये चढला आणि माझ्या पायाशी आपल्या जागेवर बसला. तुम्ही बघत होतात. मी 'उतर' म्हणालो. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. पुन्हा म्हणालो. मग उतरला. हुकूम होता म्हणून उतरला. मी खाली आलो असतो तर मला तो परत देता आला नसता.

तुमच्या भावाला नेताना तो तुमच्याकडं बघत होता, तेही मी पाहिलं.

सुधाकर


गास, १० एप्रिल २००२

सुधाकरराव,

सेबॅस्टियन दोन रात्री कोठडीत होता. आता जामिनावर आहे, खाणीचं काम गेलं. झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या दारात बेलाने सगळ्यांसमोर मला विचारलं, "झालं समाधान?" ईस्टरला मी पहाटेच्या मिस्साला जाऊन लवकर परत आले.

जेनिफरला आजीकडे पाठवलंय. मुलगी शाबूत आहे, हे मी रोज स्वतःला सांगते.

तुमची काही चूक नाही. पत्र मी टाकलं. पण तुमचं अक्षर पाहिलं की तो दिवस पुन्हा समोर येतो. काही काळ लिहू नका. बादल ठीक आहे. तुम्ही गेल्यावर तीन दिवस फाटकावर होता, आता येतो घरात.

अँजेलिना


नाशिक, २५ ऑक्टोबर २००२

आदरणीय बाई,

लिहू नका म्हणालात म्हणून कार्डच टाकतोय. फटाक्यांच्या दिवसांत बादल दर घरापुढं बसेल. गावभर काम दिसेल त्याला, आणि शाब्बास कोणी म्हणणार नाही. खिडक्या लावून घ्या, कातडी पट्टा नजरेआड ठेवा. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

सुधाकर


गास, १६ फेब्रुवारी २००३

सुधाकरराव,

तुमचं कार्ड मिळालं होतं. त्याप्रमाणे केलं. उत्तर द्यायचं रोज मनात होतं, राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी बादल गेला. पोटात गाठ होती. वसईच्या डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, वय पाहता कापाकापी नको. तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं. पण तुम्ही राजाबद्दल लिहिलं होतंत, म्हणून मुद्दाम कळवलं नाही. आता वाटतं, हे मी ठरवायला नको होतं. त्याबद्दल तुम्ही मला काही बोललात तर ऐकून घेईन.

शेवटचे आठ दिवस तो उठत नव्हता. मी डबी त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर ठेवायचे. तो मान उचलायचा. तेवढं आम्ही बसणं समजायचो आणि मी चेंडू त्याच्या पंज्यात द्यायचे. गुरुवारी मान उचलली नाही. मग मी डबी आणली नाही, नुसती जवळ बसले. पहाट उजाडता उजाडता त्याने एकदा माझ्या हाताचा वास घेतला, आणि थोड्या वेळाने श्वास थांबला.

तो जड होता, सुधाकरराव. मी त्रेसष्ट वर्षांची आहे. चिकूखाली खड्डा खणायला घेतला तर गुडघाभरसुद्धा होईना. माती कडक, माझा हात सारखा थांबत होता. शाळेला निघालेली जेनिफर तारेपलीकडून बघत होती. नाताळात ती परत आली, पण इकडे येत नाही. ती दप्तर तिथेच टाकून घरात पळाली.

थोड्या वेळाने सेबॅस्टियन आला. अंगात बनियन, हातात फावडं. तार ओलांडून सरळ खड्ड्यात उतरला. माझ्याकडे पाहिलं नाही. केस अजून चालू आहे, दर तारखेला तो माझ्या फाटकासमोरून जातो आणि मी आत सरकते. अकरा महिने असेच गेले. मी बाजूला झाले. तो खणत राहिला. खांद्यापर्यंत खोल गेला तरी थांबेना.

मला काहीतरी म्हणावंसं वाटलं. म्हणायचं होतं खूप, पण तोंडातून निघालं ते असं: "खोल खण. कोल्हे उकरतात."

तो खालूनच म्हणाला, "माहीत आहे."

मग आम्ही दोघांनी बादलला चादरीच्या चार टोकांनी धरून खाली ठेवलं. त्याने माती लोटली, पायाने दाबली, विहिरीवर हात धुतले आणि गेला. पाणीही मागितलं नाही.

एवढंच झालं. लोकांना सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण तुम्हाला लिहावंसं वाटलं, कारण तीन वर्षं अबोला आणि त्यानंतर हे सगळं, आणि आता घरात इतकी शांतता आहे की दोन दिवस झाले तरी त्याचे ते दोन शब्द मला ऐकू येताहेत. मागचं दार मी उघडंच ठेवलंय. कोणी येईल असं नाही. हवा येते.

अँजेलिना